‘ताब्यात घेतले’ म्हणजे कोणत्या कलमाखाली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी आपल्या दैनिकात आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी होती. ‘मोटार चोरी प्रकरणी दोघे ताब्यात’ असा मथळा. शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या मोटारी आणि केबल चोरीच्या संशयावरून दोघांना शनिवारी सायंकाळी पोलिसांनी चौकशीसाठी ताब्यात घेतले, पुढील तपास सुरू आहे, एवढाच मजकूर. त्या दोघांतला एक माझा सख्खा भाचा. तक्रार करायला लिहितोय असं समजू नका. बातमी खोटी नव्हती. उलट त्या अख्ख्या प्रकरणात खरी वेळ लिहिलेला तो एकच कागद आहे, म्हणून हे पत्र.

पोलिसांच्या कागदाप्रमाणे भाच्याला अटक झाली रविवारी सायंकाळी ५ वाजून १० मिनिटांनी. तुमचा अंक तर रविवारी उजाडायच्या आत तालुक्याच्या स्टँडवर उतरला होता. म्हणजे जो माणूस पोलिसांना रविवारी दिवस मावळताना सापडला, तो पकडल्याची बातमी लोकांनी त्याच दिवशी सकाळी चहाबरोबर वाचली. तुमचा वार्ताहर भविष्य सांगतो का? नाही. त्यानं ठाण्यात जाऊन जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं.

माझ्याविषयी थोडं सांगतो, कारण त्याचा संबंध येतो. मी न्यायखात्यात ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात, बेंच क्लार्क म्हणून. पोलीस आरोपीला घेऊन येतात, रिमांडचा, म्हणजे कोठडी मागण्याचा रिपोर्ट देतात, तो कागद साहेबांपुढं ठेवण्याआधी माझ्या हातातून जायचा. त्यात ‘अटक दिनांक व वेळ’ असा रकाना असतो. तो भरलाय ना एवढं मी पाहायचो. काय भरलंय याच्याकडं मी किती वेळा पाहिलं असेल, याचा हिशोब आता घरात बसून करतो आहे आणि तो काही चांगला निघत नाही.

भाच्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी येतात, तो जुनी वायर काढतो, नवी गुंडाळतो, जुनं तांबं भंगारवाल्याला देतो. चोरीच्या केबलचं तांबं त्या भंगारवाल्याकडं सापडलं म्हणे, आणि त्यानं भाच्याचं नाव सांगितलं म्हणे. खरं-खोटं कोर्टात ठरेल. भाचा निर्दोष आहे म्हणून सोडा, असं म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही. तो दोषी ठरला तरी माझा प्रश्न आहे तसाच राहतो.

शनिवारी साडेसहाच्या सुमाराला साध्या कपड्यांतले दोघं मोटारसायकलवर दुकानात आले. डीबीचे, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाचे असावेत. छातीवर नावाची पट्टी नव्हती, अंगावर जर्किन होतं. “साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटं,” म्हणाले. त्याची बायको दुकानातच होती. ती धीट आहे, तिनं विचारलं, “वॉरंट कुठंय?” दोघंही हसले.

त्यांच्या हसण्याचा मला राग आला तरी मुद्दा त्यांचाच बरोबर होता, आणि हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण आपल्याकडं शिकलेली माणसंसुद्धा वॉरंट नसलं की अटक बेकायदा असं धरून चालतात. सिनेमात तसं असतं. दखलपात्र गुन्ह्यात पोलिसाला वॉरंट लागत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४१ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३५ कलम आहे. मंगळसूत्र ओढून पळणाऱ्याच्या मागं धावणारा शिपाई आधी कोर्टात जाऊन कागद आणू शकत नाही, हे कुणालाही पटेल. ती मुभा पाहिजेच. एवढंच काय, डोळ्यांदेखत अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला तुम्ही-आम्हीही धरू शकतो, फक्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं.

पण वॉरंट लागत नाही म्हणून काहीच लागत नाही, असं नाही. इथंच खरी गोम आहे. वॉरंटच्या अटकेत न्यायाधीशानं आधी विचार केलेला असतो. विनावॉरंट अटकेत तो विचार पोलिसानं स्वतः करायचा आणि लिहून ठेवायचा. चोरीला किंवा चोरीचा माल घेण्याला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नुसता संशय पुरत नाही. हा माणूस आणखी गुन्हा करील, पुरावा नष्ट करील, साक्षीदारांना धमकावील, कोर्टात येणारच नाही, किंवा नीट तपासासाठी त्याला धरणं भागच आहे, यातलं काहीतरी कारण असावं लागतं. नसेल तर नोटीस द्यायची, अमुक दिवशी हजर राहा. तो हजर राहत असेल तर अटक करायची नाही, करायचीच तर कारण लिहायचं. २ जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे इतकं बजावून सांगितलं की आम्हा कारकुनांनाही पाठ झालं होतं. अटकेची कारणं आणि खुणा केलेली यादी पोलिसांनी रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांपुढं ठेवायची, आणि दंडाधिकाऱ्यांनी ती न बघता कोठडी द्यायची नाही, असं त्यात आहे.

भाच्याच्या यादीत कोणत्या कारणापुढं खूण होती माहीत आहे? ‘आरोपी पळून जाण्याची शक्यता.’ दुकानात गावोगावच्या ११ मोटारी उघड्या पडलेल्या, रब्बीच्या पाण्याचे दिवस, हरभरा आणि गहू पाण्याला आलेला. तो पळून जाणार कुठं? पोलिसांनी सोडला असता तरी शेतकऱ्यांनी सोडला नसता.

असो. शनिवारी रात्री नऊला बहिणीचा फोन आला. “दादा, लेकराला नेलंय. पाच मिनिटं म्हणले होते.” तिला मी म्हणालो, मारहाण वगैरे होत नाही, घाबरू नको. ती म्हणाली, “परभणीचं ऐकलंय ना.” डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत अटकेतल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला, तेव्हापासून आमच्या भागातल्या आयांना धीर देणं अवघड झालंय. मी फोनवर गप्प बसलो. थंडी होती म्हणून ती दहा वाजता चादर घेऊन ठाण्यात गेली. चादर आत घेतली. तिला मुलाला भेटू दिलं नाही. आता तुम्हीच सांगा, ज्या ठाण्यानं दहा वाजता चादर ठेवून घेतली, त्याचं पाच मिनिटांत काम उरकायचा विचार होता का? माझ्या मते अटकेची पहिली नोंद ती चादर आहे.

रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं अंबाजोगाईहून निघालो आणि साडेनऊला त्या ठाण्यात पोचलो. ठाण्याचं नाव, जिल्ह्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका ठाण्याची बदनामी करून काही साधत नाही, आणि ठाणे अंमलदार माझ्याशी नीट वागला. खुर्ची दिली, चहा सांगितला. आमचं बोलणं झालं ते जसंच्या तसं देतो.

मी विचारलं, “भाच्याला अटक केलीय का?”

“अटक कुठं केलीय काका. चौकशीला बसवलाय.”

“मग घरी नेऊ का? उद्या सकाळी पुन्हा आणून बसवतो.”

“असं कसं नेता? साहेब आल्याबिगर नाही.”

“म्हणजे अटक केलीय.”

“नाही म्हणलं की काका.”

चहा आला. मी पुन्हा तेच विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तो खोटं बोलत होता असंही मला वाटत नाही. त्याच्या डोक्यात खरोखरच तीन खोल्या आहेत. बाहेर मोकळा माणूस, आत लॉकअपमधला माणूस, आणि मधे ‘बसवलेला’ माणूस. कायद्यात मधली खोली नाही. एक तर माणसाला उठून घरी जाता येतं, नाहीतर त्याला अटक झालेली असते. १९९० साली मुंबई उच्च न्यायालयानं अशक हुसेन यांच्या प्रकरणात हे स्वच्छ सांगितलेलं आहे. कस्टम खात्यानं माणसं चौकशीच्या नावाखाली अडकवून ठेवली होती आणि अटक नंतरच्या वेळेची दाखवली होती. न्यायालय म्हणालं, अधिकाऱ्यानं कागदावर जी वेळ टाकली तिथून अटक सुरू होत नाही, माणसाला अडवलं तिथून सुरू होते. आपलं औरंगाबाद खंडपीठही त्याच उच्च न्यायालयाचं. म्हणजे हा निकाल परक्या मुलखाचा नाही.

त्याहून गमतीचं एक प्रकरण उत्तर प्रदेशातलं आहे. जानेवारी १९९४ मध्ये जोगिंदर कुमार नावाच्या तरुण वकिलाला गाझियाबादला पोलिसांनी बोलावून घेतलं आणि पाच दिवस सोडलं नाही. सर्वोच्च न्यायालयात पोलीस अधिकाऱ्यानं सांगितलं की तो कोठडीत नव्हताच, काही अपहरणांच्या तपासात आम्ही त्याची मदत घेत होतो! पाच दिवस मदत. त्याच निकालात न्यायालयानं राष्ट्रीय पोलीस आयोगाचा दाखला दिला, की होणाऱ्या अटकांपैकी सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात. अटक करण्याचा अधिकार असणं वेगळं आणि ती करण्याचं समर्थन असणं वेगळं, हेही त्यातलंच. मला हे निकाल माहीत होते. नोकरीत असताना कपाटात होते. ठाण्याच्या त्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा कळलं की ते कशासाठी लिहिले होते.

दुसरा ‘बसवलेला’ म्हणजे तो भंगारवाला. वय ६३, शुगरचा पेशंट. त्याचा मुलगा गोळ्या घेऊन दारात उभा होता. इथं तर मला हसावं का रडावं कळेना. कारण अटक नाही, नुसती चौकशी, असं म्हणायचं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७९ कलमाप्रमाणे साठ वर्षांवरच्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध ठाण्यात बोलावताच येत नाही, त्याच्या घरी जाऊन विचारायचं असतं. बायकांनाही तसंच. आणि अटक आहे म्हणायचं तर कोर्टात हजर करायच्या २४ तासांचं घड्याळ शनिवारपासून चालू. दोन्हीपैकी काहीही धरा, ठाणं चुकतंच. (नव्या कायद्यात साठीवरच्या माणसाला अटक करायला उपअधीक्षकांची परवानगी लागते, असं मी त्या मुलाला सांगायला गेलो आणि मधेच थांबलो. ती सवलत तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्याला आहे. चोरीला बरोबर तीन वर्षं. केसाएवढ्या अंतरानं हुकली.)

साहेब दुपारी आले, ते बंदोबस्तावर होते. मनुष्यबळ कमी, मोर्चे, सभा, व्हीआयपी दौरे, हे सगळं खरं आहे. शिवाय त्या आठवड्यात मोटार चोरीवरून शेतकऱ्यांनी ठाण्यावर मोर्चा आणला होता, आमदारांचा फोन होता, आणि तुमच्याच दैनिकात ‘चोर मोकाट’ असं छापून आलं होतं. अटक झाली की गाव शांत होतं. आपल्याला तपास दिसत नाही, बेडी दिसते, म्हणून आपण तीच मागतो. यात मी माझ्यासकट सगळ्यांना धरतो. मागच्या वर्षी माझ्या मेव्हण्याच्या विहिरीवरची मोटार गेली तेव्हा मीच फौजदाराला म्हणालो होतो, दोघा-चौघांना उचला म्हणजे बोलतील.

सायंकाळी ५.१० ला अटक झाली, म्हणजे लिहिली गेली. सोमवारी साडेबाराला कोर्टात हजर केलं. कागदावर १९ तास २० मिनिटं. शनिवारच्या साडेसहापासून मोजाल तर ४२ तास. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात कोर्टात हजर करायला प्रवासाचा वेळ सोडून २४ तास आहेत, आणि ठाण्यापासून कोर्ट चालत दहा मिनिटांवर आहे.

अटकेच्या पंचनाम्याची नक्कल वकिलांनी काढली ती मी वाचली. सवयीनं खालून वर वाचली. साक्षीदार म्हणून ठाण्यासमोरच्या चहावाल्याची सही होती. कायद्यात घरचा माणूस किंवा त्या भागातला प्रतिष्ठित माणूस असं आहे. चहावाला प्रतिष्ठित नाही असं मी म्हणणार नाही, पण भाच्याची आई, बायको आणि निवृत्त मामा पाच पावलांवर बाकड्यावर बसलेले असताना त्यालाच का बोलावलं? ‘नातेवाइकास फोनद्वारे कळविले’ असं पुढं लिहून मोबाइल नंबर दिला होता. नंबर ओळखीचा वाटला म्हणून ताडून पाहिला. तो भाच्याचा स्वतःचा नंबर होता. फोन शनिवारी रात्रीपासून ठाण्याच्या ड्रॉवरमध्ये होता. त्याच्या अटकेची खबर त्यालाच, बंद फोनवर दिली गेली.

अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात. पूर्वी यावर वाद व्हायचा, पण ६ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र सरकार या प्रकरणात सांगितलं की कोणताही गुन्हा असो, अटकेचा आधार त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायचा, आणि लगेच देता आला नाही तर निदान रिमांडसाठी उभं करण्याच्या दोन तास आधी. भाच्याला कोर्टाच्या पायऱ्यांवर कागद मिळाला. मराठीत होता, हे कबूल. ‘गुन्ह्याच्या तपासकामी अटक आवश्यक’ एवढंच त्यावर. हे कारण कुणाच्याही नावापुढं लिहिता येईल, तुमच्या आणि माझ्यासुद्धा.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” भाचा म्हणाला, “नाही.” मी मागच्या बाकावर होतो. हा प्रश्न आणि हे उत्तर मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की टाइप करायला सुरुवात प्रश्नाच्या आधीच व्हायची. विचारणारा समोर आणि घेऊन आलेले दोघं मागं वीतभर अंतरावर. माणूस दुसरं काय सांगणार? त्याला पुढं त्याच गावात दुकान चालवायचंय.

बरं, त्याला कुणी हात लावला नव्हता. लोक मला हे असं सांगतात की जणू मी पेढे घेऊन ठाण्यात जायला हवं.

मला तेव्हा आमचे एक जुने साहेब आठवले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ते तक्रारीचा प्रश्न विचारायचे, उत्तर ‘नाही’ आलं की मान हलवायचे, मग चष्मा काढून सहज विचारल्यासारखं विचारायचे, “ठाण्यात जेवण कसं होतं? पहिल्यांदा कधी जेवलास?” आरोपी सांगायचा, “परवा रात्री. भाकरी अन् पिठलं होतं.” रिपोर्टात अटक काल दुपारची. साहेब काही न बोलता ते उत्तर आरोपीच्या शब्दांत लिहून घ्यायचे आणि तपास अधिकाऱ्याला खुलासा मागायचे. सहा महिन्यांत आमच्या कोर्टाच्या हद्दीतल्या ठाण्यांची घड्याळं सुधारली. साहेबांची बदली झाली आणि हळूहळू पुन्हा होती तशी झाली. त्यांच्या जागी आलेल्यांना ही युक्ती मी सांगू शकलो असतो. कारकुनानं साहेबाला शिकवू नये, असं मला वाटायचं. आज असं वाटत नाही, पण आज मी पेन्शनर आहे.

त्याच बाकावर बसून मी पारधी वस्त्यांवरून आणलेली माणसंही पाहिलीत. ‘गुन्हेगार जमाती’चा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. वाहन फोडलं, दरोडा पडला की सकाळी वस्तीवर गाडी जाण्याची सवय काही त्या तारखेला रद्द झाली नाही. त्यांना किती दिवस आधी उचललं, ते कधी जेवले, हे विचारणारा मामा त्यांच्या बाजूनं बाकावर नसायचा. त्यांची बातमीही तुमच्याकडं चार ओळींत यायची, ‘संशयित ताब्यात’. माझ्या भाच्याची गोष्ट त्यांच्या मानानं काहीच नाही. ४२ तास, एक चादर, १५ हजारांचा जातमुचलका, संध्याकाळी घरी.

आमचे वडील निजामाच्या राज्यातलं सांगायचे. अमीन, म्हणजे तेव्हाचा फौजदार, गावात आला की चावडीत माणसं ‘बसवायचा’. कशासाठी बसवलं हे विचारायची सोय नव्हती. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य गेलं, २६ जानेवारी १९५० ला घटना आली, चावडीचं तलाठी सज्जा झालं. ‘बसवलाय’ हा शब्द मात्र ठाणे अंमलदाराच्या तोंडून मी ह्या जानेवारीत जसाच्या तसा ऐकला.

आता संपादक महोदय, तुमच्याकडं माझं काम काय, ते सांगतो.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम बंगालच्या कायदा साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. पोलीस कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या, त्यांच्याकडं लक्ष वेधलं. न्यायालयानं पत्रालाच याचिका मानलं. निकाल लागायला १८ डिसेंबर १९९६ उजाडलं, पण त्यातून ती अकरा सूत्रं निघाली. नावाची पट्टी, वेळेसह अटकेचा पंचनामा, साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, वकिलाची भेट. पुढं ती कायद्यातच आली. त्या सगळ्याच्या मुळाशी कुठल्या तरी वार्ताहरानं छापलेली बातमी होती. म्हणून तुमच्या चार ओळींना मी किरकोळ समजत नाही.

तुमचा तालुका वार्ताहर रोज सकाळी ठाण्यात जातो. त्यानं आणखी दोन गोष्टी विचाराव्यात, एवढीच विनंती. ‘ताब्यात घेतले’ असं सांगितलं की विचारावं, नोटीस दिली की अटक केली? आणि किती वाजता? उत्तर मिळालं तर छापावं. ‘चौकशीला बसवलाय’ हे उत्तर मिळालं तर तेही जसंच्या तसं, वेळेसकट छापावं. दुसरं, नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७ कलमाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप दर्शनी जागेवर लावायचं असतं, आणि त्या कामाला एक अधिकारी नेमलेला असतो. फलक आहे का, त्यावर आजची तारीख आहे का, हे पाहायला त्याला दोन मिनिटं लागतील. मी गेलो त्या ठाण्यात फलक होता. त्यावर गणेशोत्सवातल्या शांतता समितीच्या बैठकीची सूचना अजून चिकटलेली होती.

नावं छापताना मात्र हात आखडता घ्यावा. भाच्याचं नाव तुम्ही छापलं नाहीत, ‘एक दुकानदार’ म्हटलंत, त्याबद्दल आभार. तालुक्याला मोटार रिवाइंडिंगची दुकानं तीनच आहेत, ही गोष्ट वेगळी.

आमच्या वकिलांनी ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्यासाठी अर्ज दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाचा तसे कॅमेरे लावण्याचा आदेश डिसेंबर २०२० चा आहे. अर्जावर अजून काही उत्तर नाही. तोवर शनिवारी रात्री भाचा कुठं होता, याचा आमच्याकडचा पुरावा म्हणजे बहिणीची चादर आणि तुमची बातमी. चादर ती धुऊन बसली.

तेव्हा त्या रविवारच्या अंकाची एक प्रत, ती बातमी असलेल्या पानासह आणि शक्य असल्यास तो अंक किती वाजता छपाईला गेला याच्या आपल्या कार्यालयाच्या पत्रासह, मला मिळावी. माझ्याकडचं कात्रण तारखेचा भाग सोडून कापलं गेलं, बहिणीनं घाईत कात्री चालवली. किंमत आणि टपालखर्च जो असेल तो मनीऑर्डरनं किंवा फोनपेनं पाठवतो. पुढची तारीख २३ ची आहे, त्याआधी मिळाली तर बरं.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, अंबाजोगाई
(नाव, पत्ता व फोन नंबर सोबतच्या वेगळ्या चिठ्ठीत दिला आहे. तो छापू नये, भाच्याचं दुकान चालायचं आहे.)